इंगोले सर आणि वीतभर फट

आमच्या वसमतच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे इंगोले सर एकदा तुमचा हात धरला, की दुसरा माणूस सापडेपर्यंत सोडत नाहीत. मी मराठी शिकवतो. गर्भातल्या पेशींशी माझं काही देणंघेणं नाही. तरी एकदा स्टाफरूमपासून थेट बसस्थानकापर्यंत असाच ओढला गेलो. तिथे सरांना एक कंडक्टर सापडला, तेव्हा माझी सुटका झाली.

"जुना हात सोडायच्या आधी नवा धरायचा," हे सरांचं तत्त्वज्ञान. "गर्भात पेशी सारख्या सरकून राहिल्या, जागा बदलून राहिल्या. पण त्यांची चादर फाटती का? न्हाई. काहून? डिंकानं चिकटलेल्या नसतात त्या. धरून असतात." हे ते आम्लेटच्या गाड्यावरही सांगतात. गाडेवाला त्यांना येताना बघून आधी गॅस बंद करतो.

दर फेब्रुवारीत मैदानावर सरांचा खेळ असतो. गर्भाच्या पाठीवरची पेशींची चादर वळते, दोन्ही कडा भिडतात आणि नळी मिटते. त्या नळीतूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. हे दाखवायला सर मधोमध उभे राहतात. एका हाताला पोरांची रांग, दुसऱ्या हाताला पोरींची, सगळे हातात हात धरून. रांगा वळत वळत एकमेकींकडे येतात, आणि टोकाचं पोरगं नि टोकाची पोरगी समोरासमोर आली की दोघंही आभाळाकडे बघायला लागतात. कुंपणाबाहेर अर्धं गाव जमलेलं. हात कोण धरणार? इतक्या वर्षांत नळी एकदाही मिटली नव्हती. दरवेळी वीतभर फट राहायची आणि सर त्या दिवशी जेवायचे नाहीत.

"पोरींच्या टोकाला बी एक पोरगंच ठेवा की," मी एकदा सुचवलं.

"गर्भात पेशी निवडून घेता येतात का, कदम?" सर म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

यंदा सरांचं निवृत्तीचं वर्ष, म्हणजे हा शेवटचा खेळ. वहिनी, सरांच्या पत्नी, कुरुंद्याहून मुद्दाम बघायला आल्या होत्या. माझ्या शेजारीच उभ्या होत्या. रांगा वळल्या. टोकाचं पोरगं रिवाजाप्रमाणे आभाळाकडे बघू लागलं. टोकाच्या पोरीनं मात्र रुमाल काढला.

"सर, दस्ती धरली तर चालंल का?"

सरांनी जरा विचार केला. "चालंल. पेशी बी थेट कुठं धरतात? त्यांच्यामधी बी प्रथिनांच्या दस्त्याच असतात."

रुमालाचं दुसरं टोक पोरानं धरलं आणि नळी मिटली. असा गलका उठला की प्राचार्य चष्मा शोधत बाहेर आले. मला इतका आनंद झाला की मी चक्क शिट्टी मारली.

"मिटली," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता हळूच बोलल्या, "आमच्या पहिल्या लेकराची पाठ मिटली नव्हती, भाऊजी. चार दिवस होतं. असं काहून झालं, ते तवा कुणी सांगितलं न्हाई. तवापासून हे तेच शिकून राहिले."

मी सरांकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. दोन्ही हात लेकरांच्या हातांत गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

"थांबा," ते म्हणत होते, "अजून जरा थांबा."

घंटा झाली. पुढचा तास माझा होता. मी हजेरीपट काखेत धरून तिथंच उन्हात उभा राहिलो.