बांधावरची ड्युटी

वालाच्या गोणीत उंदीर झाले म्हणून पुतळाबाईंनी मांजर आणायला सांगितलं होतं. तुळशीराम भिवंडीहून परतले ते कुत्रा घेऊन.

कुत्रा तरी केवढा, तर स्टुलाच्या उंचीचा. रंगाने पांढरा, डाव्या डोळ्यावर तपकिरी ठिगळ, आणि चार पाय असून त्यांतला एकही जमिनीवर ठरत नव्हता. रिक्षातून उतरल्यावर त्याने अंगणाला तीन वेढे घातले, पुतळाबाईंची एक चप्पल पायरीवरून उचलून गेटपाशी नेऊन ठेवली आणि दुसरीसाठी परत आला.

"ह्यो काय हाय?" पुतळाबाईंनी विचारलं.

"टेरियर. रॉकेट नाव हाय त्याचं."

"मी मांजर सांगितली व्हती."

"मांजर व्हती तिथं. पन दात बघू देईना."

यात तुळशीरामांचं काही चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं. एके काळी पूर्णा गावात कोणी बैल घ्यायला निघाला की आधी तुळशीरामांच्या ओट्यावर यायचा. दात, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे बघून ते बैलाचा स्वभाव सांगत आणि तो सहसा चुकत नसे. पुढे शेतं गेली. जिथे भात उभा राहायचा तिथे गोदामं उभी राहिली, आणि त्यांचे शेवटचे बैल गेल्यालाही वीस वर्षं झाली. पण पारख काही विकता येत नाही, ती अंगातच राहते. जनावरांच्या डॉक्टर धम्मदिना यांच्या दवाखान्यात त्यांनी रॉकेटचा जबडा उघडला, पाठीवरून हात फिरवला, कपाळावरचा भोवरा शोधून काढला आणि म्हणाले, "वशिंड तेवढं न्हाय. बाकी जनावर कामाचं हाय."

"कामाचाच आहे, काका. तीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ही जात उंदीर-घुशींच्या बिळात शिरण्यासाठी जोपासलेली. ह्याला रोज दोन तास दमवावं लागतं. काम नसलं की हा घर उकरतो. तीन घरांनी परत आणून दिलाय. आठ दिवस ठेवून बघा. पुढच्या रविवारी मी स्वतः येते. तुमच्या राहणीत बसला नाही तर घेऊन जाईन. पण चौथ्यांदा परत आलेल्या कुत्र्याला पाचवं घर मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा."

सोबत त्यांनी प्रश्नांचा एक कागद दिला होता. पहिला प्रश्न होता, 'तुमचा दिनक्रम कसा आहे?' तुळशीरामांनी तो वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. त्यांचा दिनक्रम म्हणजे ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची. सकाळी ती उन्हाकडे तोंड करून ठेवायची, दुपारनंतर सावलीकडे. मधल्या वेळात रस्त्यावर वळणारे ट्रेलर बघायचे.

नव्या बंगल्याच्या अंगणात सगळीकडे टाईल्स होत्या. माती म्हणाल तर एका कापलेल्या निळ्या पिंपात. त्यात पुतळाबाई दरवर्षी वाल पेरत. बियाणं जुन्या शेतातलं, वीस वर्षं त्यांनी पिंपापिंपातून जगवलेलं. यंदा सात रोपं तरारली होती. दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी पुतळाबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा पिंपातून एक पांढरी शेपटी तेवढी वर दिसत होती आणि माती कारंज्यासारखी उडत होती.

सातही रोपं ओट्यावर आडवी झाली होती.

पुतळाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी रोपं पदरात गोळा केली आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ह्यो गेला पायजे."

"ऐक गो, त्याचा काय दोष? कामाचं जनावर हाय. काम न्हाय म्हणून वाया चाललंय."

पुतळाबाईंनी नवऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. पण सात रोपं ती सात रोपं. त्या आत निघून गेल्या.

कुत्रा दमला तर टिकेल, असा हिशेब तुळशीरामांनी केला. नवा बैल घेतला की त्याला आधी शेताच्या चारी बांधांवरून फिरवायचा, ही त्यांची जुनी रीत. मंगळवारी ते रॉकेटचा पट्टा हातात घेऊन बांधावर निघाले. बांध दिसत नव्हता हे खरं, पण पायांना ठाऊक होता. पाय थेट गोदामाच्या गेटात शिरले.

"चाचा, किधर?" वॉचमन आडवा आला.

"बांधावर."

"कौनसा बांध?"

"ये क्या, तुम्हारी केबिन उसी पे खडी है."

वॉचमनने खाली वाकून केबिनच्या पायाकडे बघितलं. तेवढ्यात रॉकेटच्या नाकाला काहीतरी लागलं. त्याने मान मागे घेतली, पट्ट्यातून डोकं सोडवलं आणि उघड्या शटरमधून तो आत गेला.

पुढचा गोंधळ अर्ध्या मिनिटात झाला. फोर्कलिफ्टवाल्याने ब्रेक मारला. त्याच्या फाळांवरचे उशांचे गठ्ठे एकामागून एक खाली आले. पॅकिंगच्या पोरी टेबलावर चढल्या. "कुत्ता! कुत्ता!" असा एकच गलका झाला आणि सगळी शिफ्ट थांबली. शेजारच्या कोन गावचा सुगत तिथे सुपरवायझर होता. तो धावत आला.

"आजोबा, तुमचा आहे हा?"

"रविवारपर्यंत."

रॉकेट शेवटच्या रॅकमागे गेला, भिंतीच्या कडेच्या भोकात घुसला आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळाने त्याचं भुंकणं जमिनीखालून यायला लागलं. मग तेही थांबलं. तुळशीरामांच्या हातात नुसता पट्टा राहिला होता.

"फरशी फोडावी लागेल," सुगत म्हणाला. "पण मंजुरी पाहिजे. हेड ऑफिसला मेल टाकतो."

"आन् तवर ह्यो खाली बसून काय मेलची वाट बघंल?"

चौऱ्याहत्तर वर्षांचे तुळशीराम गुडघ्यांवर बसले. त्यांनी फरशीला कान लावला. आणि एकदम त्यांना आठवलं. "अरे, ही तर माझी मोरी!"

भाताचं जास्तीचं पाणी नाल्यात सोडायला त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी बांधलेली विटांची मोरी. तिच्यावर भराव पडला, भरावावर फरशी पडली. पण मोरी खाली शाबूत होती. एक तोंड नाल्याला, आणि एक फाटा थेट पुतळाबाईंच्या परसदारी. वालाच्या गोणीत उंदीर कुठून येतात ते आज कळलं.

तुळशीराम उठले. कंपाउंडला वळसा घालून ते नाल्याकडे असे निघाले की सुगतला मागून पळावं लागलं. एका झुडपापाशी थांबून त्यांनी काठी रोवली. "हितं उकर."

दोन माणसांनी उकरलं. विटांची कमान दिसली. तुळशीराम आत तोंड घालून, पूर्वी नांगराच्या मागून घालायचे तशी, लांबलचक हाळी घालू लागले. एकदा घातली, दोनदा घातली. तिसऱ्या हाळीला आवाज चिरकला. मग आत काहीतरी खसफसलं आणि चिखलाने काळाठिक्कर झालेला रॉकेट उलट्या पावलांनी बाहेर आला. त्याच्या अंगाच्या निम्मी असलेली घूस तो ओढत होता. ती त्याने तुळशीरामांच्या पायाशी ठेवली आणि दुसरी आणायला परत गेला.

दिवस मावळेपर्यंत तिथे अकरा झाल्या.

"चार महिने झाले, औषधवाले येतायत," सुगत कपाळाला हात लावून म्हणाला. "घुशी ते औषध खाऊन जाड झाल्या. आजोबा, उद्यापासून ह्याला रोज घेऊन याल?"

रविवारी डॉक्टर धम्मदिना ठरल्याप्रमाणे आल्या. अंगणात दोन निळी पिंपं होती. एकावर जाळी होती आणि जाळीखाली नव्याने टोकलेला वाल. दुसऱ्यात नुसती माती होती.

"हे रिकामं कशाला?"

"त्याचं हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी काय करंल बिचारा?"

"आणि काका कुठे आहेत?"

"ड्युटीला गेल्यात दोघं. येतीलच."

दोघं आले. दोघांच्याही गळ्यात कंपनीची ओळखपत्रं होती. डॉक्टरांनी आधी रॉकेटचं वाचलं: 'रॉकेट. उंदीर नियंत्रण.' मग तुळशीरामांचं वाचलं: 'तुळशीराम. मदतनीस.' त्यांना हसू आवरेना.

"हसू नका, डॉक्टरबाई," तुळशीराम कार्ड सरळ करत म्हणाले. "त्या जमिनीवर आधी मी मालक व्हतो. मग वीस वर्षं कोनीच नव्हतो. आता मदतनीस हाय."

डॉक्टरांनी हसू आवरलं आणि पर्समधून त्याच प्रश्नांच्या कागदाची आपली प्रत काढली. "एकच विचारते. तुमच्या दिनक्रमात हा बसतो का?"

"दिनक्रम व्हता कुठं?" पुतळाबाईच बोलल्या. "खुर्ची व्हती."

खुर्ची आता ओट्याच्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर कपडे वाळत होते. रॉकेटने अंग झटकलं, खुर्चीखाली जाऊन मुटकुळं केलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात मोरीतून हुसकावलेला एक गलेलठ्ठ उंदीर परसदारातून आला. सगळ्यांच्या देखत, सावकाश, रॉकेटच्या नाकासमोरून चालत वालाच्या गोणीकडे गेला. रॉकेटने एक डोळा उघडला, उंदराकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला.

"अवो, बघा की!" पुतळाबाई ओरडल्या.

"त्याची ड्युटी संपली," तुळशीराम म्हणाले.

पुतळाबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. मग डॉक्टरांकडे वळल्या. "ती मांजर हाय का वो अजून तुमच्याकडं?"

"आहे की."

"मग उद्या मीच येते न्यायला. ह्यांना न्हाय पाठवीत."