करीमभाईंचा फुगा

बिबवेवाडीतल्या बागवानांच्या घरात रात्रीचं जेवण जमिनीवर दस्तरखान अंथरून व्हायचं, आणि गेलं वर्षभर घराचे मालक करीमभाई त्या दस्तरखानाच्या कडेला खुर्ची टाकून जेवत होते. गुडघे वाकतच नव्हते. खाली बायको नसीमबानू आणि मुलगा फैझल, आणि वर मांडीवर ताट घेतलेले हे, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे. रश्शाचं पातेलं हाताला लागायचं नाही, खालच्या गप्पा वरपर्यंत पोचायच्या नाहीत. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

"गुडघ्यांचा काही दोष नाही," हाडांचे डॉक्टर म्हणाले होते. "त्यांच्यावर जे बसलंय ते आधी उतरवा."

आता उतरवायचं कसं? मार्केट यार्डातल्या निम्म्या आडत्यांनी आठवड्याला एक इंजेक्शन टोचून घेऊन पँटी कमरेत आवळून आणल्या होत्या. करीमभाईंची कांद्याची आडत तिथेच, त्यामुळे रोज कुणीतरी आपला सैल पट्टा दाखवून त्यांना जळवत असे. तेच इंजेक्शन मागायला ते वजनाच्या डॉक्टर मैत्रींकडे गेले. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट चाळले.

"मागे स्वादुपिंडाला सूज येऊन ॲडमिट होतात ना? मग ते इंजेक्शन तुम्हाला नको."

"मग गोळी द्या."

"तुमचं ब्लडप्रेशर बघता गोळीही नको."

"मग राहिलं काय?"

"ऑपरेशन करून पोट लहान करता येतं. नाहीतर तोंडातून नळीनं पोटात एक फुगा सोडायचा, त्यात पाणी भरायचं. सहा महिने पोट भरल्यासारखं वाटतं, मग तो काढायचा. नाहीतर मोजून खायचं आणि रोज चालायचं. ते काय, काहीही केलंत तरी करावंच लागणार."

शेवटचं वाक्य करीमभाईंनी ऐकलंच नाही. ज्यात पोट कापलं जात नाही आणि स्वतःलाही काही करावं लागत नाही, असा या सगळ्यात एकच प्रकार होता.

"फुगा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून दिवस ठरवला. "तू आलीस तर मला उगाच धडधडेल," असं सांगून करीमभाईंनी नसीमबानूला घरीच ठेवलं. फैझल त्यांना दवाखान्याच्या दारात सोडून ऑफिसला गेला. उपाशीपोटी ते बाकावर बसले, तेवढ्यात समोरून एक नर्स ट्रेमध्ये नळी घेऊन गेली. ती दुसऱ्याच कुठल्यातरी कामाची असेल. पण करीमभाईंना ती बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी दिसली. ते बाथरूम शोधायला म्हणून उठले. बाथरूमच्या आधी जिना लागला, जिन्यानंतर गेट लागलं, आणि गेटाबाहेर रिक्षा उभीच होती.

रिक्षा सुरू होते न होते तोच नसीमबानूचा फोन.

"अहो, बसला का?"

ती विचारत होती फुग्याचं. करीमभाईंना वाटलं, रिक्षाचा आवाज ऐकून आपल्यालाच विचारतेय.

"बसलो, बसलो!" ते त्या फटफटाटात ओरडले.

"काय? बसला? त्रास नाही ना झाला?"

"कसला त्रास? पटकन झालं! येतोच घरी!"

फोन ठेवल्यावर त्यांना जरा नवल वाटलं, की आपण पळून आलो तरी ही रागावली कशी नाही. घरी पोचले तर दारात निम्मी बिल्डिंग उभी. शेजारणीनं नजर उतरवली. फैझल ऑफिसमधून धावत आला होता.

"अब्बा, यू डिड इट! आम्हाला वाटलं, तुम्ही पळून याल!"

करीमभाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना नसीमबानू दिसली. ओढणीनं तोंड झाकून ती उभी होती, डोळ्यांत पाणी, खांदे हलताहेत. बिचारी आनंदानं रडतेय! करीमभाईंचा जीव गलबलला आणि तोंड मिटलं.

"आता या घरात सहा महिने बिर्याणी शिजणार नाही," नसीमबानूनं डोळे पुसत जाहीर केलं, आणि त्यांच्या हातात दुधीच्या सुपाची वाटी दिली.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात पाऊल ठेवलं, तर शेजारच्या गाळ्यातला बटाट्याचा व्यापारी राकेश ओव्हाळ दोन्ही हात पसरून आडवा आला.

"थांबा सगळे! करीमभाईंना वाट द्या!" मग पोती ओढायचा लोखंडी आकडा घेऊन चाललेल्या हमालावर तो खेकसला, "अरे, आकडा लांब धर! भाईंच्या पोटात फुगा आहे!"

"फुटंल व्हय?" हमालानं आकडा पाठीमागे लपवला.

"फुटला तर तू भरून देणारेस?"

यार्डात एवढं पुरेसं होतं. दुपारपर्यंत लिलावाला जमलेले शेतकरीसुद्धा करीमभाईंपासून हातभर अंतर ठेवून भाव बोलायला लागले. फुग्यात गॅस असतो की पाणी, यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडले. गॅसवाल्यांचं म्हणणं, भाईंना गच्चीवर एकटं सोडू नये. राकेश पाणीवाला. त्यानं करीमभाईंना गाळ्यातल्या काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि गंभीरपणे म्हणाला, "यातून अर्धा किलो बारदान वजा करा."

"मी काय पोतं आहे?"

"पोत्याचंच वजा करतो ना आपण? फुग्याचं पाणी म्हणजे बारदानच. धंद्यात चोख राहावं माणसानं."

एवढी थट्टा करीमभाईंनी पचवली असती, पण पोटात पचवायला दुसरं काही नव्हतं. पोहेवाल्यानं प्लेट मागे घेतली. "तुम्हाला नाही देणार, भाई. काही झालं तर माझी गाडी बंद करतील." चहावाल्यानं बिनसाखरेचा चहा पुढे केला. भेळवाल्यानं तर त्यांना लांबूनच पाहून कांदा चिरायचं थांबवलं.

आता खायचं कुठे? गाडी फैझलकडे, यार्डाबाहेरचे रिक्षावाले सगळे ओळखीचे. कुणीतरी घरी पोचवणारच. राहिले पाय. करीमभाई गुडघ्यांना शिव्या देत पहिल्या दिवशी गंगाधामच्या चौकापर्यंत गेले, वाटेत तीनदा टेकले, आणि वड्याच्या गाडीवर हात पुढे केला.

"आपण फुग्यावाले ना?" गाडीवाला अदबीनं म्हणाला. "आपल्याला वडा देता येणार नाही. उगाच आग्रह करू नये."

मग ते स्वारगेटला गेले. तिथे पोचायच्या आधीच बातमी पोचलेली. ते सातारा रस्त्यानं पद्मावतीपर्यंत गेले, एकदा तर पर्वतीच्या पायथ्यापर्यंत. बातमी नेहमी त्यांच्या पुढेच. खरं सांगायचं तर एवढ्या तातडीनं पुण्यात पाणीसुद्धा येत नाही. ते रोज आणखी लांब जात, रोज रिकाम्या हातानं परत येत, आणि रात्री खुर्चीवर बसून दुधीचं सूप पीत. पुढे पुढे वाटेत टेकायची आठवण राहिनाशी झाली, एवढा त्यांना राग आलेला असे.

शेवटी एक दिवस ते सरळ पीएमपीच्या बसमध्ये बसले आणि लोणी काळभोरला उतरले. सोलापूर रस्त्यावर तुळजाबाईंची खानावळ होती. कढईत कांदाभजी तळली जात होती. करीमभाईंना भरून आलं.

"दोन प्लेट. आणि मिरच्या तळून."

तुळजाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी करीमशेठ न्हवं? आमच्या भावाचा कांदा तुमच्याच गाळ्यावर येतो. तुमच्या पोटात फुगा हाय न्हवं?"

"नाही हो! काहीसुद्धा नाहीये!"

"आसंच म्हणत्यात समदी," म्हणत तुळजाबाईंनी त्यांच्यापुढे ताकाचा तांब्या ठेवला. "प्या गुमान."

त्या दिवशी करीमभाईंनी हार मानली. पण हार मानून सुटका कुठली? सहा महिने भरले आणि नसीमबानू म्हणाली, "उद्या फुगा काढायचाय. रात्री बिर्याणी करते, राकेशभाऊंनाही बोलवते."

करीमभाईंच्या पोटात गोळा आला. फुग्यापेक्षा मोठा. सकाळी ते डॉक्टर मैत्रींपुढे जाऊन उभे राहिले.

"डॉक्टर, काहीतरी काढा हो!"

डॉक्टरांनी त्यांना आधी काट्यावर उभं केलं. "नऊ किलो कमी! छान. पण काढू काय? तुम्ही तर पळून गेला होतात."

"निदान काढला असं लिहून द्या. घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"खोटं मी लिहिणार नाही. जे करत होतात ते चालू ठेवा, आणि घरी खरं सांगून टाका."

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर बिर्याणीचा वास जिन्यापर्यंत आलेला. दस्तरखानावर सगळे जमले होते. अपराधानं करीमभाईंचं डोकं इतकं सुन्न झालं होतं की ते गेले आणि सगळ्यांच्या बरोबर सरळ मांडी घालून खाली बसले. खुर्ची त्यांना आठवलीसुद्धा नाही.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "फुगा नव्हताच. मी पळून आलो होतो."

कुणी दचकलं नाही. राकेशनं हाडूक चोखलं आणि म्हणाला, "भाई, जरा रायतं सरकवा."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही फोन ठेवलात आणि दवाखान्यातून फोन आला," नसीमबानू शांतपणे म्हणाली. "पेशंट कुठे गेला म्हणून. तुम्ही दारात आलात तेव्हा मला हसू आवरेना."

"मला भाभींनी त्याच रात्री सांगितलं," राकेश म्हणाला. "पोहेवाला, वडेवाला, स्वारगेट, पद्मावती... तुळजाबाईंचा नंबर तेवढा मिळायला जरा उशीर झाला."

"अब्बा, आम्ही ग्रुप केला होता," फैझल म्हणाला.

करीमभाई भडकले. कानांपर्यंत लाल झाले. "सहा महिने! सहा महिने अख्ख्या पुण्यानं मिळून मला उपाशी मारलं! नसीम, तुला जरासुद्धा दया आली नाही?"

"तुम्ही निदान भज्यांच्या मागे गावभर फिरत होता," नसीमबानू म्हणाली. "मी घरात होते. तुमच्याबरोबर रोज रात्री ते दुधीचं सूप कोण प्यायलं? माझं काय झालं, हे एकदा तरी विचारलंत?"

करीमभाईंनी तिच्याकडे पाहिलं. दीड वर्ष खुर्चीवरून त्यांना तिच्या डोक्यावरची ओढणीच काय ती दिसत होती. आज ती अगदी समोर होती. गाल उतरले होते, बांगड्या सैल होऊन पार कोपराकडे सरकल्या होत्या. आपल्याला हे दिसलंच कसं नाही, म्हणून त्यांना स्वतःची फार लाज वाटली. नजरेनं पोत्याचं वजन सांगणारा माणूस, पण त्यांना अंदाजच येईना.

"पाच... सहा किलो?" त्यांनी हळूच विचारलं.

"बारा," नसीमबानू म्हणाली, आणि पातेल्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलून तिनं स्वतःच्या ताटात वाढून घेतला.