फाईल डिकीत आणि डिकी बंद

"उद्या तू बसनं जायचं नाहीस. मी सोडणार तुला, आपल्या गाडीतून!" असं मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिची मुलाखत होती. बावीस वर्षं गणित शिकवल्यावर मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं होतं. पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मूळ प्रमाणपत्रं नसतील तर मुलाखत होणार नाही. सकाळच्या गडबडीत फाईल राहायला नको, म्हणून मी ती आदल्या संध्याकाळीच गाडीच्या डिकीत ठेवून दिली. (मला लांबचं छान दिसतं. पायाखालचं तेवढं दिसत नाही.)

आता गाडीबद्दल. ती स्पोर्ट्स कार आहे. खरीखुरी, लालभडक, दोनच सीटची. मी विमा कंपनीत कारकून. लोकांच्या गाड्या कुठे कशा आपटल्या ते वाचण्यात माझी हयात गेली. पन्नाशीत वाटलं, आता आपलीही एक असावी. ही इतकी बसकी, की चढउतार करताना तीन मालकांच्या कंबरा धरल्या आणि मग ही माझ्याकडे आली. हिचं इंजिन मागं आणि डिकी पुढं. सासऱ्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "जावईबापू, उलटी जोडलीय का हो?"

सासरे म्हणजे निवृत्त घड्याळजी. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्याकडे तीस वर्षांची एक चौकोनी गाडी आहे. बायको त्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. मी तिला 'डबा' म्हणतो. (गाडीला. आणि तेही सासऱ्यांच्या पाठीमागं. एकदा चुकून तोंडावर म्हणालो होतो.)

तर सकाळी सव्वानऊला बायको इस्त्रीची साडी नेसून गाडीपाशी आली. मी चावीचं बटण दाबलं. एरवी गाडी दिवे मिचकावते. आज डोळा उघडायला तयार नाही. मी चावी हलवली, पुसली, तिच्यावर फुंकर मारली.

"काय झालं हो?"

"काही नाही. बॅटरी उतरलेली दिसतेय."

"मग डिकी उघडा आणि फाईल द्या. मी बसनं जाते."

"डिकी बटणावर उघडते."

"दाबा मग बटण."

"बटणाला बॅटरी लागते."

"मग त्या बॅटरीचं काय ते करा."

"बॅटरी डिकीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला बे एके बे आलं नाही की ती अशीच बघत असणार.

"गाडीचं पुस्तक असेल ना? त्यात बघा."

"पुस्तक ना..."

"तेही डिकीत?"

"डिकीत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, बावीस वर्षांनी पहिल्यांदा मी स्वतःसाठी काही मागितलं होतं." दगड घेऊन गाडी फोडावी असं वाटलं. तसा एक दगड मी उचललाही होता.

"दगड ठेवा खाली," ती म्हणाली, "आणि मेकॅनिकला फोन लावा."

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "घाबरू नका. चावीच्या पोटात साधी किल्ली असते, तिनं दार उघडा. आत पायापाशी फ्यूजचा डबा आहे, त्यातला लाल खिळा बाहेर ओढा. त्याला दुसऱ्या गाडीवरून करंट द्या. डिकी उघडेल."

दुसऱ्या गाडीवरून म्हणजे कोणाच्या, हे बायकोला सांगावं लागलं नाही. पाच मिनिटांत सासरे डबा घेऊन हजर. एका हातात वायरी, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. मी चावी नखांनी, दातांनी, सांडशीनं उघडून पाहिली होती. त्यांनी ती नुसती हातात घेतली, अंगठ्यानं एक कोपरा दाबला आणि आतून इवलीशी किल्ली काढली.

"कसं केलंत बाबा?" मी विचारलं.

"उघडायचं घड्याळ आधी बघून घ्यावं," ते म्हणाले. "चावायचं नसतं."

मग ते त्या दोन सीटच्या गाडीत उताणे शिरले. बाहेर फक्त त्यांचे मोजे दिसत होते. माझ्याकडे टॉर्च धरण्याची जबाबदारी होती आणि ती मी चोख बजावली. (टॉर्च बंद होता, हे नंतर कळलं.) वायरी लागल्या मात्र, आणि गाडीला वाटलं चोर शिरले! ती जी बोंबलायला लागली, की अख्खी गल्ली गच्चीवर आली. "चोर नाही, सासरे आहेत!" असं मी कानात बोटं घालून सगळ्यांना सांगत होतो. त्या कोलाहलात डिकी टप्पकन उघडली आणि बायकोनं फाईल अशी काही उराशी धरली, की मला जरा हेवाच वाटला.

दहा वाजले होते. माझ्या गाडीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. डबा पहिल्या फटक्यात सुरू झाला. बायको पुढं बसली, मी मागं, मांडीवर जादा टायर घेऊन. दहा सत्तावीसला आम्ही शाळेच्या दारात होतो. आत जाताना तिनं मागं वळून विचारलं, "साडी ठीक आहे ना हो?" मी टायरवरूनच मान हलवली. मला खरंच भरून आलं होतं.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्यानं बॅटरी तपासली. "बॅटरी नवीकोरी आहे साहेब. चावी कुठं ठेवता?"

"खिशात."

"आणि दिवसातून कितीदा गाडीपाशी येता?"

"येतो दोन-तीनदा. पुसायला."

"पंचवीसदा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तिथंच घोळ आहे. चावी जवळ आली की ही जागी होते. तिला वाटतं मालक आले, आता निघायचं. तुम्ही फडकं मारून परत जाता. बिचारीला झोपच मिळत नाही."

म्हणजे माझ्या प्रेमानंच तिचा जीव घेतला होता.

"मलाही लग्नानंतर सुरुवातीला असंच व्हायचं," बायको म्हणाली. "यांची चाहूल लागली की जागी व्हायचे. नंतर झोपायला शिकले."

पंधरा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. बायको मुख्याध्यापिका झाली! मी आनंदानं तिला उचलायला गेलो. (कंबर धरली. चौथा मालक.) तिचा पहिला लेखी आदेश माझ्याच नावानं निघाला: चावी यापुढं पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, फळीवर राहील. हवी असल्यास कारणासह अर्ज करावा. मी अर्ज केला. कारण: 'सहज.' शेरा आला: 'नामंजूर.'

रविवारी मात्र तिनं स्वतःच चावीचा डबा उघडला. "चला, फेरी मारून येऊ." मी धावत जाऊन शर्ट बदलून आलो. बघतो तर स्टिअरिंगवर मुख्याध्यापिका आणि शेजारच्या सीटवर सासरे, डोळ्याला भिंग लावून मीटर बघतायत. दोनच सीट, काय बोलणार? मी फडकं घेऊन निदान काच तरी पुसावी म्हणून पुढं झालो.

सासऱ्यांनी काच खाली केली.

"जावईबापू, लांबूनच हात करा," ते म्हणाले. "आत्ता कुठं तिला बरं वाटतंय."