लोअर टॅमरॅकचे शून्य

लोअर टॅमरॅक प्रदेशाच्या रोजगार केंद्रातील नोंदवहीत एक जानेवारीला दोनशे बारा बेकारांची नावे होती. मार्चमध्ये खिडक्यांच्या चौकटी बनवणारा कारखाना बंद पडला आणि आणखी शहाण्णव नावे वाढली. एकतीस डिसेंबरला त्या नोंदवहीत एकही नाव नव्हते. या बारा महिन्यांत प्रदेशातल्या तिन्ही काउंट्यांत मिळून एकही नवी नोकरी निर्माण झाली नव्हती.

राज्याच्या सांख्यिकी कार्यालयात मी अठरा वर्षे आकडे तपासतो. राज्यपालांच्या कार्यालयाला या कामगिरीबद्दल प्रादेशिक मनुष्यबळ विकास मंडळाला मानपत्र द्यायचे होते आणि त्यासाठी माझी सही हवी होती. आकडा बरोबर आहे, एवढेच मी लिहून द्यायचे होते. तो कसा आला, हे कोणी विचारलेले नव्हते. मी त्याच भागात जन्मलो आणि वाढलो असल्याने जाण्यायेण्याचा खर्च मंजूर झाला. आईकडे उतरलो तर हॉटेलचा वाचेल, अशी टीपही सोबत होती.

तीनशे आठ माणसे नाहीशी होण्याच्या ज्ञात पद्धती मर्यादित आहेत. ती गाव सोडून गेली असतील, तर शाळांचा पट घसरायला हवा होता. तो तीन मुलांनी वाढला होता. ती वारली असतील, तर डुएन प्रिबनाऊ यांना ठाऊक असायला हवे होते. डुएन हे मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष उद्योगक्षेत्रातलाच हवा, असा कायदा आहे आणि डुएन यांचे अंत्यसंस्कारगृह हा तिन्ही काउंट्यांतला मंदी न आलेला एकमेव उद्योग होता.

"गेलं वर्ष अगदीच साधारण गेलं रे," ते किंचित खेदाने म्हणाले.

बेरजेत चूक असण्याची शक्यताही मी तपासली. परंतु शून्याची बेरीज चुकवणे अवघड असते.

मंडळाची रचना कायद्यात स्पष्ट आहे. वर्षारंभी एकोणीस सभासद होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक उद्योजक असावे लागतात, किमान एक-पंचमांश कामगारांचे प्रतिनिधी, आणि उरलेले महाविद्यालय, ग्रंथालय अशा संस्थांचे. नेमणुका तिन्ही काउंट्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी करतात. सभेच्या गणपूर्तीसाठी निम्म्याहून अधिक सभासद, म्हणजे दहा, खोलीत हजर लागतात. आणि ज्या विषयात सभासदाचा हितसंबंध असेल, त्या विषयापुरते त्याने खोलीबाहेर जायचे असते.

हा शेवटचा नियम अन्यत्र कसा पाळला जातो, याची मला कल्पना आहे. लोअर टॅमरॅकमध्ये तो पाळला जातो. आमच्याकडे माणूस कोणी विचारण्याआधी स्वतःचा दोष सांगून मोकळा होतो, आणि बशीतली शेवटची वडी कोणी घेत नाही. तिचे अर्धे, मग अर्ध्याचे अर्धे होत राहते आणि शेवटी बशी धुणाऱ्याला तो कण टाकून द्यावा लागतो. अशा लोकांच्या हाती हितसंबंधांचा नियम देणे धोक्याचे होते. कायदा करणारे बहुधा दुसरीकडचे असावेत.

मार्लिस टॉर्कल्सन यांचा अर्ज एप्रिलमध्ये आला. बावीस वर्षे चौकटीच्या कारखान्यात काम केल्यावर त्यांना शाळेची बस चालवायची होती. मार्ग क्रमांक सहाचा चालक निवृत्त झाला होता आणि ती जागा शाळेने एक ऑक्टोबरपर्यंत त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. चार आठवड्यांचे प्रशिक्षण दोन सप्टेंबरला सुरू होणार होते. कारखान्याने दिलेला आरोग्यविमा तीस सप्टेंबरला संपणार होता, आणि उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात ठरली होती. ती शाळेच्या विम्यावर होणार होती. प्रशिक्षणाचा खर्च रोजगार केंद्राच्या संचालकांच्या अधिकारापेक्षा थोडा जास्त असल्यामुळे मंडळाची मंजुरी आवश्यक होती. प्रदेशात रिकामी असलेली ही एकच जागा, आणि तिच्यासाठी तयार असलेली ही एकच बाई. मंडळाने फक्त हात वर करायचे होते.

मेच्या सभेला तेरा सभासद आले. विषय पुकारला जाताच बसला टायर पुरवणारे दुकानदार उठले. प्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाच्या प्रतिनिधी उठल्या. चालकांच्या संघटनेचे सचिव उठले. मग मार्लिस यांच्या चुलत जावेच्या भावाने आपले नाते जाहीर केले आणि टोपी उचलून तोही बाहेर गेला. खोलीत नऊ उरले.

"अरे, ती मला गेल्या नाताळात ओळखसुद्धा दाखवत नव्हती," तो दारातून म्हणाला. "पण उगाच कोणी बोलायला नको."

नऊ जणांची सभा ही सभाच नसल्यामुळे ती झाली नाही असे ठरले. मात्र सभाच नसल्यामुळे तसे ठरवताही येईना. मंडळाच्या वकिलांनी कोरे इतिवृत्त फाइलला लावण्याचा सल्ला दिला. ते मी पाहिले. त्यावर पानक्रमांक आहे.

संचालक वेंडेल ब्रॉडिन यांनी यावर शास्त्रशुद्ध तोडगा काढला. दोन सभासद वाढवले, तर गणपूर्तीची मर्यादा एकानेच वाढते. म्हणजे दर दोघांमागे एका माणसाचा निव्वळ नफा. गणित निर्दोष आहे, मी ते पडताळले. जूनपर्यंत मंडळ त्रेचाळीसवर गेले आणि तिथे तिन्ही काउंट्यांतले उद्योजक संपले. बावीस लागत होते. चोवीस आले, पाच बाहेर गेले.

"अहो, आणखी सभासद आणू कुठून?" डुएन यांनी विचारले. "माझ्या ओळखीचे बाकीचे सगळे उद्योजक मीच पुरलेत."

"उद्योजक आणायचे नसतात, नोंदवायचे असतात," वेंडेल म्हणाले. "नवी कंपनी संगणकावर दहा मिनिटांत उघडता येते. वेळ कोणाकडे आहे, तेवढं बघायचं."

वेळ असलेल्यांची यादी वेंडेल यांच्याच केंद्रात तयार होती.

जुलैच्या तीन आठवड्यांत केंद्रातल्या तीनशे आठ बेकारांना बोलावण्यात आले. बहुतेकांच्या नावे एकेक कंपनी निघाली: गवतकापणी, बर्फ उपसणे, कुत्री फिरवणे, आणि एका गृहस्थाचे 'सर्वसाधारण सल्ला'. कामगारांचा एक-पंचमांश राखण्यासाठी उरलेल्यांना कामगार-प्रतिनिधी करण्यात आले. कोणत्या कामाचे, हा रकाना ऐच्छिक होता. तीनशे एक्कावन्न सभासदांचे ते मंडळ राज्यातले सर्वांत मोठे ठरले. दोनशे माणसे ज्याच्या अंत्ययात्रेला जातील अशा कोणीही मरू नये, अशी विनंती काढावी लागली. कारण निम्म्याहून अधिक सभासद एके ठिकाणी जमले की ती सभा ठरते आणि तिची जाहीर सूचना तीन दिवस आधी द्यावी लागते. विनंतीवर अध्यक्ष म्हणून डुएन यांनीच सही केली. असा त्याग मी सार्वजनिक जीवनात क्वचित पाहिला आहे.

मार्लिस यांना फोन स्वतः डुएन यांनी केला. दोघे एका वर्गातले.

"अगं, तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं. एक सही कर आणि ये."

"माझी कंपनी कसली दाखवू रे? मला धड दोन पायांवर उभं राहता येत नाही."

"दाखव काहीतरी. लोणची घालतेस ना?"

"काकडीची. ती पण घरात कोणी खात नाही."

"मग कुठल्या धंद्यात माल खपतो सुरुवातीला?"

अठ्ठावीस ऑगस्टला दुपारी चार वाजता माध्यमिक शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. एकशे शहात्तर लागत होते. दोनशे चार आले. प्रत्येकाने झाकणाचे भांडे आणले होते, त्यामुळे हॉटडिश या आमच्याकडच्या भाजलेल्या पदार्थाचेच चौतीस प्रकार होते. नव्या सभासदांनी एका सुरात शपथ घेतली. पहिलाच विषय टॉर्कल्सन यांचा होता. हितसंबंध असलेल्यांनी बाहेर जावे, असे डुएन म्हणाले, आणि मार्लिस उठल्या.

त्यांच्या शेजारचा माणूसही उठला. त्याचाही अर्ज प्रलंबित होता. या निर्णयाचा दाखला त्याला उपयोगी पडला असता. ही गोष्ट मग इतर एकशे बहात्तर जणांच्या लक्षात आली. ज्यांचे अर्ज नव्हते, त्यांची नातवंडे मार्ग क्रमांक सहावर राहत होती. नातवंडे नसलेले शाळेचा कर भरत होते. खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ चालला. शेवटी आत अध्यक्ष आणि वकील उरले.

"मी एकटा मत देऊ शकतो का?" डुएन यांनी विचारले.

"एक औपचारिक प्रश्न," वकील म्हणाले. "नवशिक्या चालकामुळे तुमच्या व्यवसायात वाढ होण्याची शक्यता तुम्हाला पूर्णतः नाकारता येते का?"

डुएन यांनी थोडा विचार केला. ते प्रामाणिक माणूस आहेत. ते बाहेर गेले.

आता संपूर्ण गणपूर्ती बाहेरच्या बोळात उभी होती. वकिलांनी दार किलकिले करून बजावले, की हा जमाव आता विनासूचना भरलेली बेकायदेशीर सभा ठरू शकतो. तरी कोणीही मनुष्यबळाविषयी बोलू नये. दुसरा विषय कोणालाच नव्हता. दोनशे चार माणसे पाऊण तास मुकाट उभी राहिली आणि मग, जमाव वाटू नये म्हणून, एकेक करून घरी गेली. भांडी आत राहिली. मत दिले गेले नाही. दोन सप्टेंबरचा वर्ग मार्लिस यांच्याविना सुरू झाला.

इथवरची हकिकत मला कागदांतून मिळाली होती, पण शून्याचा पत्ता लागत नव्हता. अर्ज नामंजूर झाला, तरी अर्जदार बेकारच राहतो. म्हणून मी मार्लिस यांच्या घरी गेलो.

"तू लिनियाचा मुलगा ना? बूट राहू दे. बस. मला उठवू नकोस फक्त."

विमा संपला होता. शस्त्रक्रिया रद्द झाली होती. मार्ग सहा बंद करून तिथली मुले मार्ग चारला जोडली होती, त्यामुळे ती पहाटे पावणेसहाला रस्त्यावर उभी राहत. मी विचारले, की मंडळाकडून काही पत्र आले का. त्यांनी बसल्या जागेवरून स्वयंपाकघरातला खण दाखवला. त्यात शपथपत्राची प्रत होती. ते पाठपोट होते.

"मागची बाजू वाचली होती का?"

"सगळे सही करत होते रे. रांगेत मागे माणसं उभी. तिथे वाचत बसणं बरं दिसतं का?"

मागील बाजूला चौथे कलम होते: सभासद हा मंडळाच्या सेवांचा लाभार्थी असू शकत नाही, तसा असल्यास त्याची लाभार्थी म्हणून असलेली नोंद शपथेच्या क्षणी रद्द समजावी. म्हणजे मतदान झाले असते, तरी अर्ज पाच मिनिटे आधीच मेलेला होता. जे शपथेला आले नव्हते, त्यांना डिसेंबरपर्यंत टपालाने सह्या करायला लावल्या होत्या. शपथपत्राखाली संगणकाने धाडलेले अभिनंदनाचे पत्र होते. त्यांचे प्रकरण यशस्वीरीत्या बंद झाले होते.

"म्हणजे मी बेकार नाही?"

"ऑगस्टपासून नाही. तुम्ही उद्योजक आहात."

"माझ्या गुडघ्याला सांग जरा. त्याला अजून कळलेलं नाही."

मी तिथूनच वेंडेल यांना फोन लावला आणि फोन मार्लिस यांच्या हाती दिला.

"मला सभासद राहायचं नाही. माझं नाव परत बेकारांत घाला."

"जरूर. राजीनामा तेवढा सभेपुढे ठेवावा लागेल."

"मग बोलवा की सभा."

"नवी बोलावता येत नाही, मार्लिस. ऑगस्टची संपलेली नाही. डुएन ती बरखास्त न करताच बाहेर गेले. वकिलांच्या मते ती अजून चालू आहे."

"तुम्ही आहात का तिथे?"

"तिथे कोणीच नाही."

मार्लिस यांनी फोन ठेवला आणि मला कॉफी घेणार का, असे विचारले. मी दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्या मोठ्या कष्टाने उठल्या आणि त्यांनी ती केली.

माझा निष्कर्ष असा. लोअर टॅमरॅकमधील तीनशे आठ बेकारांपैकी एकालाही काम मिळाले नाही. त्या सर्वांना काम मिळवून देणाऱ्या मंडळावर घेण्यात आले, मंडळावरील माणूस बेकार म्हणून मोजता येत नाही, आणि मंडळाबाहेर पडण्याची वाट मंडळातूनच जाते. शून्याचे कारण हेच आहे. आकडा बरोबर आहे, आणि मला तेवढेच विचारले असल्यामुळे मी सही केली. तो गेल्या महिन्यात वृत्तपत्रांत आतल्या पानावर छापून आला. आपणही तो वाचलात, कुठेतरी काहीतरी नीट चालले आहे असे आपल्याला वाटले, आणि आपण पान उलटले.