बाबगोंडा आण्णांचा उपास

आमच्या गल्लीत कुणाला उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं, की बाबगोंडा आण्णा उपाशी राहतात. रक्त त्यांचं नसतं, साखर त्यांची नसते, रिपोर्टही त्यांचा नसतो. तरी आदल्या संध्याकाळी ते खबर काढतात, किती तासांचा उपास सांगितलाय ते नीट विचारून घेतात आणि सकाळी टोपी घालून पेशंटच्या दारात हजर होतात. चहासुद्धा घेतलेला नसतो.

आण्णा बहात्तर वर्षांचे. पूर्वी गुळाच्या पेठेत त्यांचं अडतीचं दुकान होतं, आता आमच्या समोरच्या घरात एकटेच असतात. जैनाच्या घरात जन्मलेले, त्यामुळे उपास म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पण हा असला उपास कुठल्याही पोथीत सांगितलेला नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "उपाशी मानसाजवळ उपाशीच मानूस पायजे की. पोट भरल्याला काय कळतंय?"

बरं, गडी उपासावरही थांबत नाही. पलीकडच्या शिंदेवहिनींना सोनोग्राफीसाठी दीड लिटर पाणी पिऊन लघवी रोखून बसायला सांगितलं होतं. आण्णाही दीड लिटर प्यायले. नंबर लागायला तासभर गेला. तिथल्या एका मावशींना त्यांची दया आली, त्यांनी शौचालय कुठं आहे ते दाखवलं. आण्णा पायावर पाय घट्ट टाकून म्हणाले, "आदी वहिनीचं हुंदे." वहिनी अजून सांगतात की मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी लागली होती.

या सगळ्याला मी खो खो हसत असे. मग माझं पोट बिघडलं.

बिघडलं म्हणजे नेमकं काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं, छातीत जळजळायचं, डाव्या बरगडीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, घशातून नळी घालून झाली. सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट आला की माणूस पेढे वाटतो. माझी भीती मात्र प्रत्येक रिपोर्टनंतर वाढत गेली, कारण नॉर्मल याचा अर्थ मी 'अजून सापडलेलं नाही' असा लावत होतो. माझे वडील पोटाच्याच दुखण्यानं गेले. तक्रार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत. तेव्हा ते एकावन्न वर्षांचे होते आणि मला आता एकोणपन्नासावं लागलं आहे.

मी शाळेत गणित शिकवतो. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता डावा हात बरगडीखाली चाचपत राहायचा. घरी आलो की मोबाइलवर रोगांची नावं वाचायची आणि ती सगळी स्वतःला लावून बघायची. शेवटी सुनंदानं, माझ्या बायकोनं, मोबाइल काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात लपवला.

प्रत्येक तपासणीला आण्णा शेजारी होतेच. त्यांना धीर द्यायला बिलकूल येत नाही. एकदा दवाखान्यात नंबरची वाट बघताना मी विचारलं, आण्णा, मला काय झालं असेल हो? तर म्हणाले, "मला काय म्हाईत? मी काय डाक्टर हाय? बसलोय की तुमच्याजवळ." हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवून बघितलं. पण खरं सांगतो, 'काही होत नाही' म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा मला हे उत्तर बरं वाटलं.

मग डॉक्टर म्हणाले, एकदा मोठं आतडं दुर्बिणीतून बघून घेऊ, म्हणजे तुमच्या मनातलंही जाईल. त्यासाठी पहाटेपासून औषधाची पावडर घातलेलं दोन लिटर पाणी प्यायचं, पोट पार धुऊन निघेपर्यंत. मी पहिला ग्लास भरला, तर आण्णा स्वतःचा तांब्या घेऊन दारात उभे. मेडिकलवाल्याला घोळात घेऊन त्यांनी तीच पावडर आणली होती. मी हात जोडले, सुनंदा रागावली. आण्णा म्हणाले, "उपास काय अर्धा करत्यात व्हय?" आणि उभ्यानंच पहिला ग्लास रिकामा केला.

पुढचे चार तास आमची गल्ली विसरणार नाही. इकडून मी पळायचो, तिकडून आण्णा. लाज वाटते सांगायला, पण समोरच्या घरात बादली ओतल्याचा आवाज आला की मला धीर यायचा. आपण एकटे नाही असं वाटायचं.

दुपारी आम्ही तिघं रिक्षानं दवाखान्यात पोचलो. नर्सनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि चाकाची खुर्ची थेट आण्णांसमोर आणून लावली. पायात त्राण नव्हतं, म्हणून तेही बसले. तपासणीच्या खोलीच्या दारात वय विचारल्यावर बहात्तर म्हणाले, तेव्हा कुठं घोटाळा कळला. डॉक्टर बाहेर येऊन असे तापले की सुनंदा भिंतीला चिकटली. या वयात असलं औषध कोणी गंमत म्हणून घेतं का, अंगातले क्षार जातात, जीव जाईल. आण्णांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग त्यांना एका खाटेवर झोपवून सलाइन लावलं. शेजारच्या खाटेवर मी नंबरची वाट बघत पडलो होतो. डोळ्यांसमोरून वडील हलत नव्हते. आण्णांनी सलाइन नसलेला हात लांब करून माझं मनगट धरलं, ते मला आत नेईपर्यंत सोडलं नाही.

आत काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी पडद्यावरची चित्रं दाखवून समजावलं की आतडं धडधाकट आहे, फक्त हळवं आहे, मनातली काळजी ते लगेच अंगावर घेतं. गोळ्या देतो, जेवणाच्या वेळा सांभाळा, आता तपासण्या बास. मी लहान पोरासारखा रडलो. बाहेर येऊन आण्णांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. जरा वेळानं विचारलं, "मंजे आता पुना न्हाई?"

नाही म्हटलं. "बरं झालं," ते पुन्हा म्हणाले आणि सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

आण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून आम्ही घाईनं घर गाठलं. सुनंदानं मऊ भात आणि मुगाचं वरण वाढलं. आण्णा असे जेवले की ती दुसऱ्यांदा कुकर लावायला उठली. घरी काय करता जेवणाचं, असं तिनं सहज विचारलं. आण्णांचा हात ताटातच थांबला.

"ही गेल्यापास्नं एकट्याला घास उतरत न्हाय," ते म्हणाले. "मास्तरांच्या सगळ्या टेस्टा मी बी केल्यात, दोन वर्सांमागं. एकटाच गेलतो. काय निघालं न्हाय. पन कुनासंगं उपास सोडला की जेवान जातंय बगा."

सहा महिने हा माणूस माझी सोबत करत होता आणि मी आपल्याच बरगड्या चाचपत बसलो होतो.

माझं पोट अजून अधूनमधून जळतं, पण पूर्वीइतकं नाही. डॉक्टर गोळ्यांना श्रेय देतात, मी आण्णांना देतो. कारण आता आमच्या घरी दिवेलागणीच्या आधी, कांदा-लसणाशिवाय पानं वाढली जातात. मटणाच्या तांबड्या रश्श्याला मुकलो, त्याचं मला काडीचं दुःख नाही.

पहिल्या दिवशी सुनंदानं त्यांना हाक मारली, तेव्हा आण्णा टोपी घालून आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. "कुनाची टेस्ट हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही," सुनंदा म्हणाली. "भाकरी गार होतात, या."

शाळेतून येऊन मला तास झाला होता आणि सडकून भूक लागली होती. पण आण्णा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत मी ताटाला हात लावला नाही.