मोटर जरा मोठीच घेतली

रविवारी संध्याकाळपर्यंत गॅलरीतलं माझं मशीन दाराची सागवानी पाटी कोरून देणार, असं मी बायकोला, दानेश्वरीला, ठणकावून सांगितलं होतं. उभी हयात वर्तमानपत्रात गेली. दिलेली वेळ मी चुकवत नाही!

"नाही दिली तर?" तिनं विचारलं.

"तर मशीन भंगारात!"

"सोमवारी भंगारवाला येतोय की."

बाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि अख्ख्या बिल्डिंगलाही!

मशीन तसं साधं. संगणकावर नाव लिहायचं, तीन मोटरी कोरणारं पातं फिरवतात, लाकडात अक्षरं उमटतात. मोटरी घेताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, छोट्या पुरतील. पाटी कोरायचीय का ऊस गाळायचाय?" पण बैल घ्यायचा तर खिलारच घ्यावा! मी सगळ्यात मोठ्या उचलल्या.

"मग वेग हळूहळू वाढवा," तो म्हणाला. "मधे एका वेगाला त्या थरथरतील. तिथं रेंगाळू नका, पुढं निघून जा."

रविवारी दुपारी गल्ली पेंगत होती. मी वेग वाढवत गेलो. मोटरी आधी कुरकुरल्या, मग गुणगुणल्या, आणि एका ठिकाणी असा सूर लागला म्हणून सांगू! भर उन्हात विहिरीच्या काठावर कुणीतरी तंबोरा छेडत बसावं तसा. मी तिथंच रेंगाळलो. सागाचा भुसा उन्हातून सोन्यासारखा झरत होता. डोळे आपोआप मिटले. सोलापुरात दारोदारी माझ्या पाट्या लागल्या. अक्कलकोट रोडला माझा कारखाना उभा राहिला. दानेश्वरी फीत कापत होती आणि भंगारवाला पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता...

"अहो, भूकंप! पळा!"

गॅलरीच्या भिंतीला लागूनच आमची मांडणी. तिच्यावरची भांडी तांडव करत होती! किल्लारीच्या भूकंपापासून आमच्याकडं भांडी वाजली की कुणी विचार करत बसत नाही, जिना गाठतो. दानेश्वरी ओरडत पुढं, मी मागं, आणि वाटेत एकेक दार उघडत गेलं. खालच्या मजल्यावरचे धोंडप्पा अर्धी दाढी करून आले. त्यांच्या ईरम्मा शेंगाचटणीची बरणी कवटाळून.

"दागिनं सोडून बरणी?" धोंडप्पा खेकसले.

"दागिनं खाता येत्यात का?"

अंगणात लिंबाखाली बरणी फिरू लागली. मी तडक ऑफिसला फोन लावला. "सोलापुरात भूकंप! पहिल्या पानावर घ्या!"

"आम्ही पण सोलापुरातच आहोत की, सर," आमची उपसंपादक ऋतुजा शांतपणे म्हणाली. "इथं कपातला चहासुद्धा हललेला नाही."

मी आजूबाजूला पाहिलं. लिंबाखालचं कुत्रं गाढ झोपलं होतं. वर भांडी मात्र वाजतच होती. फक्त आमची!

मशीन चालूच राहिलं होतं.

सांगावं तर बिल्डिंग हसणार आणि उद्या मशीन भंगारात. तेवढ्यात वर पाटी कोरून झाली असावी. भांडी एकदम गप्प झाली.

"थांबला!" धोंडप्पांनी हात जोडले. मग सगळी वरात आमची पडझड बघायला वर आली. मशीनवर पाटी पडली होती. माझ्या नावाची, 'मल्लिकार्जुन'ची, सगळी अक्षरं, तळ्यात दगड टाकल्यावर सावली थरथरावी, तशी!

मी कबुली द्यायला तोंड उघडलं. पण धोंडप्पांनी पाटी उचलून कपाळाला लावली होती.

"अय्यो! मल्लूअण्णा, धक्का नोंदवलाय की हिनं! भूकंप मोजायचं मशीन हाय हे! आन् वैनी, तुमी हे भंगारात घालायला निघाला हुता?"

"आता बरं घालू देऊ आमी!" ईरम्मा कडाडल्या.

सगळे दानेश्वरीकडं बघू लागले. तिनं मांडणीकडं पाहिलं, मग मोटरींकडं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांचा संसार. तिला कळायचं ते कळलं.

"राहू द्या की मशीन," ती फार गोड आवाजात म्हणाली. "मात्र पुन्हा भूकंप झाला, तर तो कसा होतो ते मी सगळ्यांना वर बोलावून दाखवीन."

सोमवारी भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. धोंडप्पा रोज जिन्यात थांबवून विचारतात, "अण्णा, आज काय नोंद?"

"शांत आहे," मी म्हणतो.

मोटरींना बांधलेल्या कापडावर सध्या दानेश्वरीचे पापड वाळतात. मोठ्या मोटरींचा हा एक फायदा आहे. कितीही वारा सुटला तरी जागच्या हलत नाहीत!