बाबांचं आंबट सफरचंद

"नवं ते जुनं करून दाखवणं हाच तर माझा धंदा!" पॉलिशवाल्याने बहिणीला छातीठोकपणे सांगितलं. कालची खुर्ची तो हा हा म्हणता शंभर वर्षांची करायचा. तिथे एका सफरचंदाची काय कथा!

वडील रुग्णालयात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि बाबांनी जेवण. मागायचे ते एकच: लहानपणचं वेडंवाकडं, खरबरीत सालीचं, दात आंबवणारं सफरचंद. बाजारात होती ती सगळी गोड, एका मापाची आणि मेण लावून चकचकीत केलेली. जुन्या जातीचं नाव काढलं की फळवाले याच्या तोंडावर हसत.

मग काय! त्याने चकचकीत सफरचंदाची साल पॉलिश पेपरने घासली, काळ्या चहाचे डाग पाडले आणि इंजेक्शनच्या सुईने आत लिंबाचा रस भरला.

बाबांनी एक घास घेतला. तोंड आक्रसलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"हेच रे! कुठे मिळालं?"

"बंद गिरणीच्या मागे एक झाड आहे," याने ठोकून दिलं.

झालं! रोज एक सफरचंद, आणि बाबा ते देठापर्यंत संपवत. आठव्या दिवशी म्हणाले, "माझी राख त्याच झाडाखाली टाक. शब्द दे."

दिला. मरणाऱ्या बापाला नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा!

तीन दिवसांनी बाबा गेले. राखेचा डबा पिशवीत घालून पॉलिशवाला झाड शोधत वणवण फिरू लागला. गिरणीमागे ट्रकचा तळ होता. रोपवाटिकेत मिळालं ते वीतभर रोप. एका बंगल्याच्या कुंपणावरून झाड न्याहाळताना कुत्रा मागे लागला, तेव्हा डबा पोटाशी धरून पळत तो ओरडला, "बाबा, घट्ट बसा!"

चौथ्या दिवशी बहिणीच्या दारात त्याने बसकण मारली. "ताई, झाड नाहीच गं. मी बाबांना फसवलं."

"त्यांना पहिल्याच घासाला कळलं होतं." ताईने डबा काढून घेतला. "म्हणाले, राख कुठेही टाका. पण चार दिवस त्याला झाड शोधू दे, नाहीतर घरात बसून नुसता रडत राहील."

त्याने तिथेच भोकाड पसरलं. ताईचेही डोळे भरले होते. पदराला नाक पुसत ती म्हणाली, "आणि हो, लिंबू फार व्हायचं म्हणे!"